एक नग बैला

रायपूर राजधानी झालं ते माझ्या साडभाऊंमुळे, असं साडभाऊंचं ठाम मत आहे, आणि ते खोडून काढणारा पुरावा आजवर कोणी पुढे आणलेला नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ज्या गावात बॅलेचा एवढा मोठा कलावंत तीस वर्षं रेल्वेच्या पार्सल ऑफिसात पोत्यांवर शिक्के मारत बसतो, त्या गावाला आज ना उद्या राजधानी करावंच लागतं. सरकारलाही थोडी लाज असते. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. चौबे कॉलोनीत आमच्या घरापासून चार घरं सोडून राहतात. उंची पाच फूट दोन इंच, पण हे माप टाचा टेकवून घेतलेलं, आणि माझ्या लग्नानंतरची पहिली काही वर्षं तरी त्यांच्या टाचा जमिनीला टेकलेल्या मी पाहिल्या नाहीत. ते चवड्यांवर चालत, चवड्यांवर उभे राहत आणि सिलिंडरच्या रांगेतसुद्धा चवड्यांवरच पुढे सरकत. त्यांच्या चपला पुढून झिजून कागदासारख्या होत आणि मागून कोऱ्या राहत. गोल बाजारातल्या चांभारानं एकदा चप्पल उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "भैया, पीछे का हिस्सा तो नया का नया है. आप आधी चप्पल क्यों नहीं खरीदते?" साडभाऊंनी छातीवर हात ठेवून त्याला कमरेत वाकून नमस्कार केला. समजून घेणारा माणूस भेटला की ते असाच नमस्कार करत. बसच्या कंडक्टरलाही करत.

उभे राहिले की त्यांच्या पावलांची तोंडं दोन दिशांना जात. डावं पाऊल दहावर, उजवं दोनवर. आमच्याकडच्या पोरांनी घड्याळ शिकताना दहा वाजून दहा मिनिटं काकांच्या पायांवरून ओळखली. ही पावलं म्हणजे साडभाऊंच्या घरातली दोन वडीलधारी माणसं होती. त्यांना बसायला वेगळा स्टूल होता, त्यावर घडी घातलेला टॉवेल होता आणि रोज सकाळी ताई त्यांना मोहरीच्या तेलानं चोळून देत. नवा पाहुणा आला की साडभाऊ त्याची पायांशी रीतसर ओळख करून देत. "हा डावा. यानं मॉस्को पाहिलं. उजवा तेव्हा सुजला होता, त्याले फारसं काही दिसलं नाही."

ते कोणाच्या घरी येत नसत, 'एन्ट्री' घेत. जाताना मात्र खरी पंचाईत. कलावंतानं प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही, असा त्यांच्या जुन्या बॅले मंडळीतला दंडक होता, म्हणून ते मागे मागे चालत बाहेर पडत. या दंडकापायी आमचे पाण्याचे तीन माठ गेले. "बरं, निघतो," असं ते म्हणाले की माझी बायको बोलणं अर्धवट टाकून माठाला मिठी मारायला धावे. एकदा आम्ही दोघं एका ओळखीच्या घरी मयतीच्या समाचाराला गेलो होतो. उठण्याची वेळ झाली तसे साडभाऊ उठले, हात पसरून मागे मागे गेले, उंबऱ्यापाशी थांबले आणि असे काही लवले, की कोपऱ्यातल्या एका आजोबांचे हात टाळीसाठी वर आले. म्हाताऱ्यानं ते मोठ्या शिताफीनं जोडून घेतले.

आता त्यांची कारकीर्द. तरुणपणी नागपूरच्या घरून कोणाला न सांगता ते एका फिरत्या बॅले मंडळीत शिरले. बॅले म्हणजे आपल्याकडचा, पुराणातल्या गोष्टी मुखवटे घालून नाचात सांगायचा. सात वर्षं देश पालथा घातला आणि एकदा रशियाही झाला. भूमिका कोणती, असं विचारलं की साडभाऊ डोळे मिटत. "भूमिका काय विचारतो? सगळा बॅले माझ्यावर उभा होता बे. शंकराचं काम करणारा माणूस माझ्याशिवाय स्टेजवर पाऊल टाकत नव्हता. मी हललो तर तो पडे." पुरावा म्हणून एक फोटो होता. त्यात तीसेक माणसं, मुकुट, झेंडे, मोरपिसं, आणि या गर्दीत खाली उजव्या कोपऱ्यात एक पाऊल. साडभाऊ त्यावर करंगळी ठेवत. "हा जो पाय दिसून राहिला ना, तो माझा."

"अन् बाकीचे तुम्ही?" मी विचारलं.

"बाकीचा मी कामात होतो."

ही कारकीर्द संपली ती ताईंमुळे, म्हणजे ताईंच्या वडिलांमुळे. माझे सासरे कचेरीत हेडक्लार्क होते आणि घरीही. मुलीनं हाच मुलगा पाहिजे म्हटल्यावर त्यांनी एका वाक्यात अट घातली, "नाचणारा जवाई मले नाही पाहिजे, बसणारा पाहिजे." साडभाऊंनी शब्द दिला, रेल्वेत चिकटले आणि तीस वर्षं बसले. सासरे वारले तरी शब्द जिवंत राहिला. स्वतःच्या वरातीतही ते नाचले नाहीत. ताईंनी त्यांना नाचताना एकदाही पाहिलं नव्हतं, आणि हे त्या कोणाला विसरू देत नसत. साडभाऊ मॉस्कोत शिरले की ताई स्वयंपाकघरातून म्हणत, "हो, मॉस्कोले नाचले. इथं एक दिवस डब्बा काढाले स्टुलावर चढा म्हटलं तर गुडघा दुखते." साडभाऊ पाहुण्याकडे वळून म्हणत, "समीक्षक आहे घरात."

असं सगळं सुरळीत चाललं असताना छत्तीसगढ़ राज्य झालं. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना ठाऊक आहे, रायपुरात तेव्हा रोज काहीतरी मोठं होत होतं. काल जिथं सायकली लावत, तिथं आज संचालनालय. पाट्या रंगवणाऱ्यांना जेवायला फुरसत नव्हती. माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस शुक्रवारी क्लार्क म्हणून घरी गेला आणि सोमवारी कुठल्याशा मंत्र्याचा खास माणूस होऊन गाडीतून उतरला. त्याच लाटेत एका कार्यालयानं नव्या राज्यातल्या कलावंतांची यादी करायला घेतली, आणि सगळ्यांचे सरकारी अर्ज मीच भरत असल्यामुळे साडभाऊंचाही मीच भरला. नाव, पत्ता, वय. कला या रकान्यात मी हिंदीत ठसठशीत लिहिलं, 'बैले'. अनुभवाच्या रकान्यात साडभाऊंनी सांगितलं ते लिहिलं, 'मॉस्को'.

अर्ज घेऊन निघालो तर फाटकाशी ताई उभ्या. पदराला हात पुसत होत्या, हात कोरडे असून.

"भाऊजी, होईल का काही?"

"पाहू."

"मी ह्यायले टोचून बोलते, ते सोडा," ताई म्हणाल्या. "बाबांनी ह्यायचा नाच सोडवला तो माझ्यापायी. काय सोडलं, ते तर मले एकदा दिसू द्या. खोटं असंल तरी पाहू द्या."

इतकी वर्षं टोमण्यांच्या आड काय होतं, ते मला तेव्हा कळलं. मी अर्ज पोस्टात न टाकता स्वतः नेऊन दिला आणि पोच घेतली.

पोळ्याला पंधरा दिवस होते तेव्हा पत्र आलं. ते फोडायला साडभाऊंनी पंधरा-वीस माणसं जमवली, ताईंना चहा करायला लावला आणि चवड्यांवर उभं राहून वाचन सुरू केलं. पहिल्या ओळीवर त्यांचा आवाज खणखणीत होता. दुसऱ्या ओळीवर तो थांबला. मग टाचा खाली आल्या. मी त्या टाचा जमिनीला टेकलेल्या पाहिल्या त्या तेव्हा पहिल्यांदा. "पोळ्याच्या दिवशी मैदानावर नाचाले बोलावलं," त्यांनी पत्राची घडी घालत सांगितलं आणि पत्र खिशात टाकलं. टाळ्या झाल्या. ताई दारात कपबशांचा ट्रे धरून उभ्या होत्या, त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि पुन्हा उचलला.

लोक गेल्यावर साडभाऊंनी पत्र माझ्या हातात दिलं. त्यात लिहिलं होतं, की छत्तीसगढ़ की लोकपरंपरा के वरिष्ठ कलाकार के नाते पोरा तिहार के अवसर पर आप अपना सुप्रसिद्ध 'बैला नृत्य' प्रस्तुत करें. खाली बारीक अक्षरांत: 'एक नग बैला कार्यालय की ओर से उपलब्ध कराया जाएगा.'

"तुझं अक्षर," साडभाऊ म्हणाले.

खरं होतं. माझी मात्रा आळशी आहे. अक्षराच्या डोक्यावर ताठ बसायचं सोडून शेजारी रेलते आणि पाय लांब करते. 'ले'चा 'ला' झाला होता. पोळ्याच्या तोंडावर छत्तीसगढ़मधल्या कुठल्याही माणसानं 'बैला' वाचावं आणि खूश व्हावं, यात त्या टायपिस्टाची काही चूक नव्हती. आपल्याकडचा पोळा तोच इथला पोरा. त्या दिवशी बैलापेक्षा मोठा कलावंत कोणी नसतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या कार्यालयात गेलो. तिथला बाबू भला माणूस होता. पंख्याखाली उडणाऱ्या कागदांवर कोपर ठेवून बसला होता. मी म्हटलं, "भैया, थोड़ी गलती हो गई. बैला नहीं, बैले."

"हव, वही तो," बाबू म्हणाला. "एक रहेगा तो बैला, ज्यादा रहेंगे तो बैले. आप कितने लाओगे?"

साडभाऊंनी मला बाजूला केलं. शब्दांत सांगण्याची ही गोष्टच नव्हे, असा चेहरा करून ते खोलीच्या मध्यभागी गेले, डाव्या चवड्यावर उभे राहिले, हात पसरले आणि उजवा पाय मागून वर नेला. तीस वर्षांनी नेला, म्हणून तो कुठवर जाईल याचा अंदाज पायालाही नसावा. मागच्या रॅकवरच्या फायली खाली आल्या. बाबू खुर्चीतून उठला आणि भारावून म्हणाला, "अरे वाह. एकदम असली लात मारते हो."

यानंतर बॅले समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. बाबूनं हळूच विचारलं, की कार्यक्रम छापायला जातो आहे, करता की नाव कापू. मला डोळ्यांपुढे घराच्या फाटकापाशी उभ्या ताई दिसत होत्या. कदाचित साडभाऊंनाही. शेवटी ते म्हणाले, "बैला दिखाओ."

बैल मागच्या खोलीत दोन कपाटांच्या मध्ये उभा होता. बांबूच्या कामट्या, वर पांढरं कापड, कागदाची शिंगं, गळ्यात घंटा, आत दोन माणसांची जागा. साडभाऊ त्याच्या तोंडाकडे गेलेच नाहीत. सरळ मागे गेले, कापड उचललं, आतली कामटी चाचपली आणि वैद्यानं नाडी पाहून मान हलवावी तशी मान हलवली.

"कंबर फार उंच बांधली. मागचा माणूस अर्ध्या तासात मरंल. शेपटीची दोरी डाव्या हाताले पाहिजे, उजव्याले नाही. उजव्यानं समोरच्याचा पट्टा धरा लागते."

रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, "साडभाऊ, तुम्हाले हे कसं माहीत?"

"शंकर माझ्या भरवशावर होता, सांगितलं होतं ना तुले," ते म्हणाले. "शंकर कायच्यावर बसते?"

मी सायकल धरून उभा राहिलो. सगळा बॅले माझ्यावर उभा होता. मी हललो तर तो पडे. बाकीचा मी कामात होतो. इतक्या वर्षांत त्या माणसानं आम्हाला एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. नंदीचे मागचे दोन पाय, सात वर्षं.

"काहून सांगितलं नाही कधी?"

"कोणी नीट विचारलंच नाही," साडभाऊ म्हणाले. मग चार पावलं गेल्यावर, "सासऱ्याले काय सांगतो? नाचणारा जवाई नको म्हणून राहिले होते. बैल आहो म्हटलं असतं तर?"

आता प्रश्न समोरच्या माणसाचा. तो त्यांनी एका नजरेत सोडवला; चूक माझ्या मात्रेची होती. उरलेले दिवस आमच्या गच्चीवर, बायकोला शपथ घालून, माझी तालीम झाली. मी सरकारी नोकर, दोन पोरांचा बाप, डोक्यावर टोपली घेऊन ओणवा चालत होतो आणि मागून सूचना येत होत्या. "समोरच्याचं काम सोपं आहे. मान हलव अन् लोकाइकडे पाह्य. नाचायची घाई करू नको. बैल मागच्या पायात असते." मी भीत भीत विचारलं, की ताईंना काय सांगितलंय. "पोळ्याले माझा बॅले आहे, येजो, म्हटलं." आणि बैल पाहून त्या काय म्हणतील? मागून पट्ट्याला हिसका बसला. "चाल. डावा उचल."

पोळ्याच्या दिवशी दुपारी मैदान भरलं. सजवलेल्या बैलजोड्या, मातीचे बैल ओढणारी पोरं, ठेठरी-खुरमीच्या फराळाच्या टोपल्या. मंच नव्हता, दोरी लावून एक चौक मोकळा सोडला होता. आम्ही कापडाच्या आत शिरलो. आत सरसाचा वास आणि भट्टीसारखं ऊन. मला बाहेरचं दिसत होतं ते बैलाच्या उघड्या तोंडातून, आणि त्या तोंडासमोर, पहिल्या रांगेत, जरीची हिरवी साडी नेसून, हातात आरतीचं ताट आणि तांब्या घेऊन ताई बसल्या होत्या. पोळ्याचं ताट त्यांनी घरून आणलं होतं.

घंटा वाजली, आम्ही चौकात आलो. मी मान हलवली. पोरं ओरडली. मागून, माझ्या कमरेपाशी, आवाज आला. "दिसून राहिली का?"

"दिसते."

"काय करून राहिली?"

ताई मान उंच करून आमच्या पलीकडे पाहत होत्या; बैल गेला की मागून कोणी येतंय का ते. "तुमची वाट पाहून राहिल्या," मी म्हणालो.

मग साडभाऊ म्हणाले, "सात वर्षात मी पब्लिक पाहिलंच नाही बावा. फक्त ऐकलं. तू सांगत राह्य." आणि त्यांनी नाच सुरू केला.

तो नाच मी पाहिलेला नाही, कारण मी त्याच्या पुढच्या टोकाला होतो. पण जे अंगातून गेलं ते सांगू शकतो. बैल अडून बसला. उठवल्यावर रुसला. मागच्या पायानं कानामागं खाजवलं. माझा कान कुठे आणि त्यांचा पाय कुठे, पण खाजवलं. त्यांनी लाथ झाडली तेव्हा पहिल्या रांगेतला बाबू अभिमानानं आजूबाजूला पाहू लागला. मग ढोलक संथ झाली, आणि बैलाचं मागचं अंग हलकं झालं, वर उचलल्यासारखं. साठी उलटलेला माणूस चवड्यांवर चढला होता. दोरीलगत कोणीतरी हळू आवाजात म्हणालं, "देख तो, बइला नाचत हे." मग साडभाऊंनी मला पट्ट्यानं वळवलं, आणि बैलानं प्रेक्षकांकडे मागचं अंग केलं. पाठ दाखवायची नाही हा दंडक त्यांनी आयुष्यात एकदाच मोडला. बैल थांबला. मागची पावलं टेकली असणार. डावं दहावर, उजवं दोनवर. दुसरीकडे तोंड असल्यामुळे मला काही दिसत नव्हतं. मात्र पाठीमागून एक हसू ऐकू आलं. आमच्या घरात ते हसू तोवर मी ऐकलेलं नव्हतं, तरी कोणाचं ते कळलं.

नाच संपला तशा बाया ताटं घेऊन चौकात आल्या. पोळ्याची रीतच आहे; बैल घरी आला की त्याचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, नैवेद्य दाखवायचा. कागदाचा असला म्हणून काय झालं. सगळ्या माझ्याकडे, तोंडाकडे आल्या. शिंगांना कुंकू लागलं, माझ्या तोंडात कोणी ठेठरी कोंबली. ताईंची हिरवी साडी मात्र माझ्यासमोरून गेली, थांबली नाही. बैलाच्या कडेनं मागे गेली.

"पायावर पाणी कोण टाकून राहिलं?" साडभाऊंनी आतून विचारलं.

"ताई आहेत," मी म्हटलं. तोंडात ठेठरी होती, तरी त्यांना कळलं. माझ्या पट्ट्यावरचा हात घट्ट झाला आणि तसाच राहिला.

बाहेरून ताईंचा आवाज आला, हलका, रोजचाच. "उजवा अजूनही सुजलेलाच आहे."

पुढे बाबूनं कलाकारांना बोलावलं, मी मुंडकं काढून बाहेर आलो आणि रायपूरच्या सगळ्या टाळ्या मला मिळाल्या. साडभाऊ बाहेर आलेच नाहीत. कापड अंगावर घेऊन ओल्या पायांनी मागे मागे चालत गेले.

वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात मी आहे, बाबू आहे, शिंगं आहेत. जागा संपल्यामुळे बैल पोटापाशी कापला आहे. फक्त खाली कोपऱ्यात एक ओलं पाऊल राहून गेलं. ताईंनी तो कातरून जुन्या फोटोशेजारी चिकटवला.

हल्ली साडभाऊंचा गुडघा फारच धरतो. ते आपल्यासारखेच चालतात, टाचा टेकवून, आणि जाताना वळून सरळ दारातून जातात. आमचा माठ सुरक्षित आहे. ते निघाले की माझी बायको अजून सवयीनं उठते, माठाजवळ जाते आणि रिकामीच परत येते. परवा त्यांच्याकडे पाहुणे आले होते. साडभाऊ स्टुलावर पाय ठेवून वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते. मॉस्कोचं नाव नाही. ताईंनी अल्बम उघडला, पाहुण्यांसमोर धरला आणि करंगळी कोपऱ्यात ठेवली.

"हा जो पाय दिसून राहिला ना," ताई म्हणाल्या, "तो आमचा."

वर्तमानपत्र हललं नाही. स्टुलावरची पावलं मात्र हळूच उघडली, डावं दहावर, उजवं दोनवर.